कूलंटचं फनेल घेतलं, आधीच घ्यायला हवं होतं

मागच्या वेळी गाडीचा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलला तेव्हा साध्या नरसाळ्याने भरून मोकळा झालो आणि दोन दिवसांनी हीटरमधून गार हवा, डॅशबोर्डच्या मागे खळखळ आवाज, टेम्परेचरचा काटा वर-खाली. सिस्टीममध्ये हवा अडकलेली, दुसरं काय. म्हणून यावेळी ते रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारं फनेल घेतलं. गाडी गार असताना बसवायचं, अर्धं भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, मला वाटलं पैसे गेले, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडला आणि भसाभस बुडबुडे! रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने दाबला (ग्लोव्ह घाला, तापतो) की अजून निघतात. फॅन दोनदा चालू-बंद झाला आणि बुडबुडे थांबले की झालं, गाडी पूर्ण गार होऊ द्या, मग फनेलच्या दांडीने त्याचं खालचं भोक बंद करून फनेल काढा, थेंब सांडत नाही.

तक्रार एकच, अडॅप्टरचं (फनेल रेडिएटरच्या तोंडावर बसवायच्या जोडतुकड्याचं) रबर वॉशर फारच पातळ आहे, पहिल्यांदा तिथून गळलं. आणि ज्यांच्या रेडिएटरला झाकणच नाही, नुसती कूलंटची टाकी आहे, त्यांनी अडॅप्टर बसतोय का ते आधी बघा.