बाळाची कार सीट, सात महिन्यांनंतर: अडकलेल्या बकलने काय शिकवलं

सातव्या महिन्यात या सीटचं बकल अडकायला लागलं. पट्ट्याच्या टोकाची पत्ती आत जाते, पण 'टक्' आवाज होत नाही, आणि झाला तर लाल बटण दाबायला दोन्ही अंगठे लागतात. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका ओळीचं: पट्ट्यांचा पूर्ण संच बदला, वॉरंटीत बसणार नाही. हे उत्तर चुकीचं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. बिघाड भागात नव्हताच. बाळ दूध काढतं, ते ओघळून थेट पायांमधल्या बकलमध्ये जातं आणि वाळल्यावर आतल्या स्प्रिंगवर चिकट थर धरतो.

साफ करायची रीत सोपी आहे. सीट उलटी करा. पायांमधला पट्टा खाली एका धातूच्या पट्टीने अडकवलेला असतो. ती पट्टी आडवीची उभी करून खाचेतून वर सरकवली की बकल हातात येतं. कप कोमट पाण्याने भरा, फक्त बकल बुडवा, पट्ट्याचं कापड बाहेर ठेवा. पाण्यातच हलवत लाल बटण पंधरा-वीस वेळा दाबा. गढूळ पाणी निघतं, ते बदलून पुन्हा करा. साबण नको, आणि तेल तर मुळीच नको, कारण तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात बकल पुन्हा अडकतं. झटकून रात्रभर वाऱ्यावर वाळू द्या. पट्टी परत बसवताना ती खाचेत पूर्ण आडवी झाली की नाही, हे खालून ओढून पाहा. इथे चूक झाली तर धक्क्यात पट्टा निसटू शकतो. तुमच्या सीटच्या पुस्तिकेत बकल काढायला मनाई असेल, तर ते न काढता ओल्या फडक्यानेच पुसा. साफ केल्यापासून एका बोटाने बटण दाबलं जातं. दर पंधरा दिवसांनी पुसलं तर ही वेळच येणार नाही.

आता बसवण्याबद्दल. आयसोफिक्स बेस (गाडीच्या सीटमधल्या धातूच्या कड्यांना अडकणारा पाया, ज्यावर बाळाची सीट बसते) हा फुकटचा खर्च आहे, गाडीचा सीटबेल्ट पुरे, असं सुरुवातीचं मत होतं. तिसऱ्या महिन्यात ते बदललं. बेल्टने सीट घट्ट बसते, यात शंका नाही. पण प्रत्येक वेळी बेल्ट नव्याने ओवायचा, ताणायचा, कोन पाहायचा, आणि घाईत यातली एक पायरी राहतेच. बेस एकदाच बसतो: दोन्ही कड्या अडकल्या की खुणा हिरव्या होतात, मग बेसचा आधाराचा पाय गाडीच्या फरशीला टेकवायचा. गाडीच्या फरशीखाली सामान ठेवायचा कप्पा असेल, तर त्याच्या झाकणावर तो पाय टेकवण्याआधी गाडीची पुस्तिका वाचा, झाकण पोकळ असतं. शेवटची परीक्षा एकच. बेल्ट किंवा कड्या जिथून जातात तिथे धरून सीट हलवा, २.५ सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये. वरच्या कडेला धरून हलवाल तर ती हलणारच, त्यावरून काही ठरत नाही.

कोन सपाट जमिनीवर गाडी उभी करूनच पाहा. उतारावर कोनाची खूण फसवते. नवजात बाळासाठी बहुतेक सीट साधारण ४५ अंश मागे कललेल्या लागतात. सीट जास्त उभी राहिली तर जड डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि अरुंद श्वासनलिका दबते. याच कारणाने ही सीट घरात झोपायची जागा नाही. हँडल धरून सीट सरळ घरात नेता येते, हा सुरुवातीला मोठा गुण वाटला होता. आता वाटतं, बाळाला झोपेत उचलून गादीवर ठेवणंच बरं. पहिल्या काही आठवड्यांत प्रवास अर्ध्या तासापर्यंत ठेवा, नंतरही सलग दोन तासांच्या वर नको.

पट्टे: सीटचं तोंड मागे असताना खांद्याचा पट्टा बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून निघाला पाहिजे. आधी कमरेजवळची ढील वर ओढून काढा, मगच पुढची दोरी ओढा. उलट केलं तर छातीवर घट्ट वाटतं आणि कमरेशी सैल राहतं. खांद्यावर पट्टा चिमटीत धरून पाहा, घडी येत असेल तर अजून ओढा. जाड कोट घालून कधीच बांधू नका, बांधल्यावर वरून पांघरूण द्या. या सीटमध्ये पट्ट्याची उंची बदलायला मागून दोन फासे धातूच्या पट्टीत ओवावे लागतात. वैताग आहे, आणि एक फासा अर्धवट राहिला तर समोरून कळत नाही. नवी घेणाऱ्याने उंची वरूनच सरकवता येणारी सीट घ्यावी.

बाप होणाऱ्यांनी गर्भारपणाचे ३६ आठवडे पूर्ण व्हायच्या आत हे सगळं बसवून ठेवावं, टॉवेलची गुंडाळी किंवा बाहुली घेऊन दहा वेळा बांधण्याचा सराव करावा. समोर एअरबॅग चालू असलेल्या जागेवर ही सीट लावू नये. काटकसर करायची तर आरसा, खेळणी, वेगळ्या गाद्या यांच्यावर करा. सीटसोबत न आलेली गादी मध्ये घातली तर पट्टा ढिला पडतो, म्हणून ती असलेलीही काढून टाका. जुनी सीट ओळखीच्या घरातली असेल, अपघातात सापडली नसेल आणि सीटच्या प्लास्टिकच्या कवचाखाली कोरलेली मुदत उरली असेल, तरच घ्या.

सध्या डोक्याच्या वर कवचाची कड चार सेंमी उरली आहे. ती २.५ वर आली की मोठी सीट, तीही मागे तोंड करूनच. आर१२९ या संयुक्त राष्ट्रांच्या कार सीट सुरक्षा नियमाच्या सीटमध्ये किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवावं लागतं.