वरळीतच उंच, की वांगणीला लांब?

मुंबईतल्या वरळीची बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची) चाळ १९२०च्या दशकातली. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाइक. आता त्याच जागेवर चाळीस मजली टॉवर आणि ५०० चौरस फुटांचं घर. सघन शहर म्हणतात ते हेच: नवी जमीन खायची नाही, जुन्या वस्तीतच वर चढायचं. बाजार, शाळा, केईएम रुग्णालय, लोकल सगळं पूर्वीच्याच अंतरावर.

गिरणी कामगारांसमोर मात्र बदलापूर-कर्जत दरम्यानच्या शेलू-वांगणीत घरांचा पर्याय आला. तिथे हवा मोकळी, हे खरंच. पण सीएसएमटी लोकलनं दीड तासाच्या आसपास, आणि रस्ते, पाणी, गटारं सगळं नव्यानं उभारायचं. खरं तर गिरण्यांची जमीन ऐन शहरात होती! १९९१च्या नियमानं तिचा एकेक तृतीयांश वाटा पालिकेला आणि म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) मिळायचा. २००१च्या दुरुस्तीनं तो गिरण्यांच्या फक्त मोकळ्या जागेपुरता उरला.

माझा कौल वरळीला. अडचण एवढीच, की टॉवरमधली लिफ्ट आणि पंप रात्रंदिवस वीज खातात. सुरुवातीची बारा वर्षं देखभाल म्हाडाकडे आहे. त्यापुढचा खर्च कोण उचलणार, ते रहिवाशांनी आत्ताच लेखी मागावं.