वडिलांचं बायबल, जुजबंदी आणि आतला समास

नगरमध्ये जुनी पुस्तकं हाताने शिवून देणारे आता मोजकेच राहिलेत. मी गेले त्या काकांच्या दुकानाला पाटी नाही. दिल्ली गेटच्या आत एका बोळात, जिन्याखाली त्यांची जागा आहे. आत पुस्तक दाबून धरायचा एक लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची थप्पी आणि खळीचं पातेलं. खळीत मोरचूद घातलेला असतो, त्यामुळे ती निळसर दिसते. कीड लागत नाही, म्हणाले.

काम होतं वडिलांच्या मराठी बायबलचं. २००३ मध्ये त्यांनीच ते शहरातल्या एका दुकानात बांधायला दिलं होतं. तिथे बाजूने भोकं पाडून, वरून टोचून शिवलं. बांधणी घट्ट झाली, पण शिवणीकडची अर्धा इंच जागा आत गेली. पुस्तक कधी नीट उघडलंच नाही. ओळीची शेवटची अक्षरं अंदाजाने वाचायची. वडील २००६ मध्ये गेले आणि ते माझ्याकडे आलं. पानं सुटायला लागली तशी मी चिकटपट्ट्या लावत गेले. रात्रपाळीहून आल्यावर घाईघाईत लावलेल्या त्या पट्ट्या पुढे पिवळ्या पडून कडक झाल्या.

काकांच्या आधी मी आणखी एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथले म्हणाले, कडा मशीनवर कापून एकसारख्या करू, नव्यासारखं दिसेल. पण वडिलांनी समासात पेन्सिलीने जागोजाग लिहिलंय. कडा कापल्या असत्या तर तेही गेलं असतं. काकांनी पुस्तक हातात घेतलं, दहा-बारा पानं उलटली आणि स्वतःहून म्हणाले, "ताई, याच्या कडा कापायच्या नाहीत. लिहिलेलं आहे." तेवढ्यावर मी पुस्तक त्यांच्याकडे ठेवून आले.

त्यांनी जुनी शिवण पूर्ण उसवली. पट्ट्या एकेक करून सोडवल्या. बायबलचा कागद फार पातळ, खळ जरा जास्त झाली तर सुरकुततो, म्हणून शिवणीला टिश्यूच्या बारीक पट्ट्या लावून वाळवल्या. मग जुज, म्हणजे घडीच्या पानांचे गठ्ठे, लावून दोऱ्याने शिवलं. याला जुजबंदी म्हणतात. ८५० रुपये घेतले, त्यातले ३०० आगाऊ. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले, आणि मला दोन खेपा फुकट पडल्या. रेक्झिन फक्त काळं मिळालं. पाठीवरचं 'पवित्र शास्त्र' किंचित तिरकं बसलंय. एवढ्याच तक्रारी. आता पुस्तक टेबलावर ठेवलं की सपाट उघडं राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही.

आणि उघडलं तेव्हा लूकच्या १५व्या अध्यायात, वीस वर्षं शिवणीत गेलेल्या त्या आतल्या समासात, वडिलांचं अक्षर होतं.

थोडं मागचं सांगते. 'तारण' हा शब्द मी उपासनेत, पापातून सुटका या अर्थाने, ऐकायच्या आधी बँकेच्या संदर्भात ऐकला. १९९४ मध्ये धाकट्या भावाने आईच्या पाटल्या तारण ठेवून पैसे उचलले आणि तो घरातून गेला. वडील मिशन हॉस्पिटलमध्ये कंपाउंडर होते. दोन वर्षं पगारातून हप्ते भरून त्यांनी त्या पाटल्या सोडवून आणल्या. ख्रिस्ताने आपल्याला मोल देऊन सोडवलं असं पाळक सांगायचे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती पावती आणि रुमालात बांधलेल्या पाटल्या यायच्या. दुसऱ्याने केलेलं कर्ज, आणि फेडणारा आपला बाप. तारण मला तिथे कळलं. कृपा मात्र कळली नाही.

ऑगस्ट १९९७ मध्ये भाऊ परत आला. मी सकाळी ड्युटीवरून घरी आले तर मटण शिजत होतं. माझ्या नर्सिंगच्या निकालाला आमच्याकडे शिरा झाला होता. वडिलांनी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. मी हात धुतले, जेवले नाही, झोपून गेले. वाटणी उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाला बाप मेजवानी देऊन घरात घेतो, तो लूकच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला पुढे कित्येकदा ऐकला. प्रत्येक वेळी मला त्यातला थोरला मुलगाच बरोबर वाटायचा, शेतावरून दमून येणारा आणि घरात न जाणारा. वडिलांच्या पायाची मधुमेहाची जखम शेवटची दोन वर्षं रोज मी धुतली. मनात हिशोब ठेवला होता की हे माझं, हे मी कमावलंय.

२०व्या वचनापाशी, बाप मुलाला दुरूनच पाहतो तिथे, पेन्सिलीने तारीख आहे: १४-८-९७. ती अपेक्षितच होती. खाली ३१व्या वचनापाशी, बाप अंगणात येऊन थोरल्याला सांगतो की तू नेहमीच माझ्याजवळ आहेस आणि माझं सगळं तुझंच आहे, तिथे माझं घरातलं नाव लिहिलंय, 'माई'. शेजारी तीच तारीख.

म्हणजे मी न जेवता झोपले त्याच दिवशी. जखम धुण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

इफिसकरांस पत्रात पौल म्हणतो की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, ते देवाचं दान आहे. हे वचन मला शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या लहान मुलांच्या रविवारच्या वर्गापासून, पाठ आहे, आणि ते मी नेहमी भावासारख्यांसाठी आहे असं धरून चालले. घरात राहिलेल्या, नोकरी केल्यासारखं घर सांभाळलेल्या माणसालाही ते तितकंच लागतं, हे मला त्या जिन्याखाली, काकांच्या स्टुलावर बसून कळलं. मी रडले. काकांनी काही विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढचं पुस्तक शिकंज्यात घातलं.

काकांबद्दल आणखी एक सांगते. दुसऱ्या खेपेला मी पणजीचं बायबलही नेलं होतं. पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर, दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलेलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. काकांनी एका पानाचा कोपरा हलकेच वाकवून पाहिला आणि काम घेतलं नाही. कागद ठिसूळ झालाय, शिवण सोसणार नाही, सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा, म्हणाले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

कुणाला बायबल, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक किंवा आजोबांची वही बांधून घ्यायची असेल तर जरूर यांच्याकडे जा, फक्त घाई असेल तर नको. देताना आत काही लिहिलेलं असलं तर दाखवून द्या. पुढच्या अस्तरानंतर कोरी पानं मागून घ्या. आमच्या बायबलात घरातल्या जन्मांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या तारखांचं पान भरलं होतं, म्हणून काकांनी दोन जास्तीची घातलीत. नाताळाला भाऊ येतोय. त्याच्या नातीचं नाव अजून लिहायचंय, ते त्यालाच लिहायला देणार आहे.