फ्रीबीएसडी १४ चं कंजेशन कंट्रोल: पाचपैकी चार स्टार

फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची १४ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मधे आली आणि गाजावाजा झाला तो इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपीचा डिफॉल्ट कंजेशन कंट्रोल, म्हणजे नेटवर्क तुंबू नये म्हणून पाठवायचा वेग ठरवणारा अल्गोरिदम, न्यूरीनोवरून क्युबिक झाला याचा. चांगलंच झालं, वादच नाही. साधा हिशोब करा ना, १०० एमबीपीएसची लाइन, आरटीटी (पॅकेट जाऊन पोच परत यायला लागणारा वेळ) २०० मिलीसेकंद, म्हणजे लाइन भरलेली ठेवायला साधारण १७०० पॅकेट वाटेत हवीत, आता त्यातलं एक गळलं की न्यूरीनो विंडो (एका वेळी वाटेत किती पॅकेट ठेवायची ती मर्यादा) सरळ निम्मी करतो आणि मग दर आरटीटीला एकेक पॅकेट वाढवत बसतो, पुन्हा होता तिथे यायला जवळपास तीन मिनिटं! क्युबिक ३० टक्केच कापतो आणि आरटीटीच्या भरवशावर न राहता घड्याळ बघून वाढतो, त्याचं काम ११ सेकंदांच्या आसपास होतं.

पण माझे स्टार खरं तर त्याआधी झालेल्या साफसफाईला आहेत. ९.० पासून कंजेशन कंट्रोलचं फ्रेमवर्क मॉड्युलर, व्हेगास, एचटीसीपी, क्युबिक अशा प्रत्येक अल्गोरिदमची वेगळी फाइल, वरून बघायला एकदम टापटीप. आत मात्र न्यूरीनो घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला. कर्नलमधे (सिस्टिमच्या गाभ्यात) तो आपोआप यायचाच, काढायची सोय नाही, आणि कनेक्शन आयडल राहिल्यावर काय करायचं, रिकव्हरी संपल्यावर काय करायचं असल्या कामांसाठी बाकीचे अल्गोरिदम त्याच्याच स्ट्रक्चरमधले फंक्शन पॉइंटर (फंक्शनचे पत्ते) उचलायचे. नोव्हेंबर २०२१ च्या बदलात ही सामाईक फंक्शन्स सीसी डॉट सी या फाइलमधे (सीसी म्हणजे कंजेशन कंट्रोल) नेली, आता कुठलंही एक मॉड्यूल एकटं बिल्ट-इन ठेवता येतं, न्यूरीनो नसला तरी चालतं.

ज्यांची कर्नल कॉन्फिग पूर्ण स्वतःची आहे त्यांनी मात्र सांभाळा. निदान एक सीसी मॉड्यूल आणि सीसी_डिफॉल्ट, हे दोन्ही ऑप्शन लिहिल्याशिवाय नेटवर्किंगवालं कर्नल कंपाइलच होत नाही. काहींना ही कटकट वाटते, मला आवडलं बुवा, गुपचूप काहीतरी डिफॉल्ट पकडण्यापेक्षा तिथेच अडवलेलं बरं. जेनेरिक ही तयार कॉन्फिग इन्क्लूड करून वर दोन-चार ओळी टाकणाऱ्यांना काही जाणवणारही नाही.

एक स्टार का कापला? सामाईक झालेल्या फंक्शनांची नावं अजून न्यूरीनो_सीसी_ अशीच सुरू होतात, क्युबिकचा कोड वाचताना मधेच हे नाव आलं की नवखा माणूस हमखास गोंधळणार. आणि एचडी, सीएचडी ही संशोधनातली मॉड्यूल प्रोडक्शनमधे कोण चालवतं देव जाणे.

अपग्रेड केलं असेल तर सिसकंट्रोलचं (कर्नलच्या सेटिंगचं) जुनं कॉन्फिग आधी तपासा, तिथे न्यूरीनो लिहून ठेवलं असेल तर नवं डिफॉल्ट असून उपयोग शून्य. आणि चालू मशीनवर अल्गोरिदम बदलला तर तो फक्त नव्या कनेक्शनना लागतो, जुनी तशीच राहतात. उघडी कनेक्शन दाखवणाऱ्या सॉकस्टॅट कमांडला कॅपिटल सी हा ऑप्शन द्या, कुठलं कनेक्शन कशावर चाललंय ते तिथेच दिसतं.