परीक्षेची फी आधी भरावी, की पास झाल्यावर परत द्यावी?

आयसीयूच्या एका इन्चार्ज सिस्टरांचा पेच: युनिटमधल्या नर्सेसनी स्पेशालिटी सर्टिफिकेशन (आपल्या शाखेची परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र) करावं असं मनापासून वाटतं, पण बजेट तुटपुंजं. मग फी रुग्णालयानं आधीच भरावी, की निकालानंतर परत द्यावी?

खर्च बघितला तर परतफेड स्वस्त. नापास झालेल्यांचे पैसे रुग्णालयाच्या अंगावर पडत नाहीत. पण ते नर्सच्या अंगावर पडतात, आणि वर वॉर्डात चर्चा! म्हणून फॉर्म भरायलाच कुणी पुढे येत नाही. फी आधी भरली की निदान ही धाकधूक जाते.

कटकट परतफेडीत जास्त: पावती, निकाल, मग अकाउंट्सच्या चकरा.

अभ्यासाला मात्र दोन्हींचा उपयोग नाही. अतिदक्षता नर्सिंगच्या अमेरिकेतल्या सीसीआरएन या प्रमाणपत्र परीक्षेचंच घ्या. अर्जाच्या एका मार्गात आधीच्या २ वर्षांत अतिगंभीर रुग्णांच्या थेट सेवेचे १,७५० तास लागतात; पेपर १५० प्रश्नांचा, वेळ ३ तास. इतकं काम केलेल्या नर्सला विषय येतो, नाइटनंतर पुस्तक उघडायचं त्राण नसतं. परीक्षेच्या आठवड्यात तिला नाइट लावू नका. याला फी लागत नाही.

हे प्रमाणपत्र ३ वर्षांनी नूतनीकरणाला येतं. तो खर्च कोणताही पर्याय निवडलात तरी आधीच धरा.

युनिटमध्ये अजून कुणीच सर्टिफाइड नसेल, तर पहिल्या दोघी-तिघींची फी आधी भरा. चार-पाच जणी पास होऊन बाकीच्यांना शिकवू लागल्या असतील, तर परतफेड पुरते.