फ्युएल प्रेशर गेजचा नऊ महिन्यांचा अनुभव: जुनी गाडी सकाळी सुरू होत नव्हती तेव्हा

नऊ महिन्यांपूर्वी हा गेज घेतला, तेव्हा गाडी रोज सकाळी अडवणूक करत होती. रात्रभर उभी राहिली की आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्याशिवाय इंजिन पकडत नसे, पण चालवून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा चावी फिरवली तर ती पहिल्याच झटक्यात सुरू होई. गाडी बावीस वर्षांची असून पेट्रोलवर चालणारी, मल्टिपॉइंट इंजेक्शनची (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली) आहे. त्याआधी स्पार्क प्लग, फिल्टर आणि बॅटरी अशा तीन वस्तू बदलून झाल्या होत्या. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे आणि तिसऱ्या दिवशी जैसे थे. चौथा सल्ला मिळाला तो टाकीतला पंप बदलण्याचा, आणि तेव्हा मी थांबलो. पंप खराब आहे असे सांगणाऱ्याने पेट्रोलचा दाब एकदाही मोजला नव्हता.

गेज साधाच आहे: 0 ते 10 बारची (बार हे दाबाचे एकक) तबकडी, हातभर लांबीची होस, निरनिराळ्या गाड्यांसाठी जोडण्या, आणि दाब सोडण्यासाठी एक बटण व त्याला पारदर्शक नळी. माझ्या गाडीत इंजेक्टरच्या रेलवर (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) टायरच्या व्हॉल्व्हसारखा दिसणारा व्हॉल्व्ह टोपणाखाली दिलेला असल्यामुळे गेज थेट लागतो. ज्या गाड्यांत असा व्हॉल्व्ह नाही, त्यांत पेट्रोलच्या पाइपमध्ये टी-जोड बसवावा लागतो, म्हणून विकत घेण्याआधी बॉनेट उघडून ही एक गोष्ट पाहून घ्यावी. जोडण्यापूर्वी पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवायचे आणि मग व्हॉल्व्हवर जाड फडके धरून होस फिरवायची. रेलमध्ये दाब असताना जोडणी केली तर पेट्रोलची चिळकांडी गरम इंजिनावर उडू शकते. मी इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर, चष्मा लावून आणि अग्निशामक शेजारी ठेवूनच हे काम करतो, आणि यातले एकही पथ्य अनावश्यक वाटलेले नाही.

बॅटरी नवीन असली तरी आधी तिच्याकडे पाहिले. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट आणि सेल्फ मारताना 10.4, म्हणजे तिची तक्रार नव्हती. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला असता, तर पेट्रोलकडे वळण्यात अर्थच नव्हता.

मग चावी ऑनवर आणली. टाकीतून दोन सेकंद पंपाचा गुणगुणाट ऐकू आला आणि काटा 3 बारवर जाऊन थांबला. इंजिन सुरू झाल्यावर तो 2.5 वर आला. पेट्रोलचा दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारीक नळी काढताच काटा पुन्हा 3 वर चढला आणि त्या नळीत पेट्रोलचा थेंबही नव्हता. रेग्युलेटर मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) निर्वातानुसार दाब कमी-जास्त करत असतो, त्यामुळे हा अर्ध्या बारचा फरक तो नीट काम करत असल्याची खूण आहे. इथवर सगळे उत्तम होते, आणि याच टप्प्यावर बरेच जण गेज काढून ठेवतात व पेट्रोलची बाजू ठीक आहे असे जाहीर करतात.

माझ्या गाडीचा दोष पुढच्या दहा मिनिटांत दिसला. इंजिन बंद केले आणि गेज तसाच ठेवून काट्याकडे पाहत राहिलो. चौथ्या मिनिटाला तो दीडवर होता आणि दहाव्या मिनिटाला जवळजवळ शून्यावर. इंजिन चालू असताना पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेले रिटर्न लाइनने टाकीत परत जाते, त्यामुळे मधे कुठे लहानशी गळती असली तरी ती त्या प्रवाहात झाकली जाते. पंप थांबला की तीच गळती उघडी पडते. उतरलेल्या दाबाने सकाळी इंजेक्टरला पुरेसे पेट्रोल मिळत नव्हते आणि पंपाला सगळा पाइप पुन्हा भरून काढावा लागत होता. पडताळा म्हणून दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्याआधी चावी तीन वेळा ऑन-ऑफ केली. दर वेळी पंप दोन-दोन सेकंद चालला आणि इंजिन लगेच पकडले. ही युक्ती गेज नसलेल्यालाही करता येते आणि शंका कुठे घ्यायची ते तिच्यावरून बऱ्यापैकी कळते.

आता दाब जातो कुठे हे शोधायचे होते. पुन्हा इंजिन चालवले आणि बंद करताक्षणी रेलकडे येणारी रबरी होस सपाट जबड्याच्या क्लॅम्पने दाबून धरली. काटा 2.4 वर स्थिर राहिला, अर्धा तास उलटला तरी. याचा अर्थ रेलवरचे चारही इंजेक्टर आणि रेग्युलेटर निर्दोष होते, गळती क्लॅम्पच्या मागे, टाकीच्या बाजूला होती. (प्लास्टिकच्या पाइपवर क्लॅम्प कधीही लावू नये, जुनी, कडक झालेली रबरी होसही दाबल्यावर चिरते, म्हणून ती नंतर मी बदललीच.) गाडीखालचा पाइप टोकापासून टोकापर्यंत तपासला. तो कोरडा होता आणि पेट्रोलचा वासही कुठे नव्हता.

शेवटी टाकीतून पंपाचे युनिट बाहेर काढले. पंप आणि झाकण यांना जोडणारा बोटभर लांबीचा रबरी तुकडा क्लिपच्या अगदी कडेला चिरलेला होता. चीर केसाएवढी होती, पण तुकडा वाकवला की ती उघडत होती. गळती टाकीतल्या टाकीत होत असल्याने बाहेर ना थेंब पडत होता ना वास येत होता. पंप बदलावा लागला नाही. तुकडा मात्र पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेल्या होसचाच घ्यावा लागतो, कारण साधी पेट्रोलची होस आतून टिकते पण बाहेरून फुगून खराब होते.

सहाव्या महिन्यात गाडीने दुसरी खोड काढली. भर उन्हात चालवून बंद केली की सुरूच होईना, आणि पाऊण तासाने आपोआप सुरू होई. पेट्रोलची वाफ धरत असावी असे सगळ्यांचे मत पडले. गेज लावला तर सेल्फ मारतानाही 3 बार. मग प्लगवर ठिणगी पाहिली, ती नव्हती. दोषी निघाला तो गरम झाल्यावर संदेश देणे बंद करणारा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचे फिरणे ओळखणारा सेन्सर. या खेपेला गेजने दोष दाखवला नाही, पण पेट्रोलचा संशय पाच मिनिटांत दूर केला, आणि मला त्याची ही किंमत पहिल्या शोधाइतकीच वाटते.

उणिवा आहेत. 10 बारच्या तबकडीवर 0.1 बारचा फरक जेमतेम दिसतो आणि अशा गेजची अचूकता पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितलेली असते. अडीच टक्के म्हटले तरी पाव बार इकडे-तिकडे होतो. 2.5 ते 4 बारवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीसाठी 0 ते 7 चा गेज मी पसंत करेन, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी यापैकी एकही नाही, कारण तिथे दाब अर्ध्या बारच्याही खाली असतो. जोडणीतली रबरी रिंग चौथ्या महिन्यात कडक होऊन पाझरू लागली. अशा वेळी गेज स्वतःच दाब सोडतो आणि दोष गाडीच्या माथी जातो. त्यामुळे काटा उतरताना दिसला की आधी जोडणीभोवती कोरडे पांढरे फडके गुंडाळून पाहतो. नवी रिंग बसवल्यापासून फडके कोरडे निघते.

मागच्या आठवड्यात पुन्हा मोजले: बंद करताना 2.5, चार तासांनी 1.9. सकाळी आता पाव वळशात गाडी सुरू होते.