पथनाट्य करावं की गल्लीत बैठक घ्यावी?

गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीत पाण्याच्या हक्काबद्दल सांगायला जायचं, हाताशी चारच रविवार आणि पैसे बेताचे, असं असलं की सगळ्यांना आधी पथनाट्य सुचतं. आम्हालाही तेच सुचलं होतं. डफ वाजला की पाच मिनिटांत गर्दी. पोरं पुढे बसतात, टाळ्या पडतात. पण पाणी नाही हे वस्तीला नाटकातून कळावं लागत नाही, ते पहाटे हंड्यांच्या रांगेत रोज कळतं. नाटक संपल्यावर एका मावशींनी विचारलं, “फॉर्म कुठं मिळतो?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

गल्लीतल्या बैठकीला येणार पंधरा-वीस बायका. पण तिथे कागद मांडून बसता येतं. ‘आपली झोपडी २००० नंतरची, म्हणजे बेकायदा, आपल्याला नळ नाही’ हा समज फार घट्ट आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी बेकायदा असली तरी पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. २०२२ मध्ये महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं. हे ऐकून बायका मान डोलावतात. खरी बैठक नंतर सुरू होते: एका सामायिक नळजोडणीत कोणती घरं, बिल कुणाच्या नावावर, आणि एकीने पैसे थकवले तर? हे भांडण अर्ज भरण्याआधीच होऊन गेलेलं बरं. जमीन केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याची असेल तर ना-हरकतीचा पेच पडू शकतो, तेही तेव्हाच सांगून टाकावं.

बैठकीला एच-टू-एस चाचणीची, म्हणजे पाण्यातल्या जंतूंचा अंदाज देणारी, बाटली जरूर न्या. गटारातून गेलेल्या पाइपाचं पाणी त्या बाटलीत भरून एखाद्या घरात ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर जंतूंचा संशय धरायचा, पाणी उकळून प्यायचं आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार द्यायची. काळी बाटली बघायला शेजारची गल्लीही येते.

नाटक अगदीच टाकाऊ नाही. बैठकीकडे न फिरकणारे पुरुष नाक्यावर थांबून नाटक बघतात, आणि वस्ती नवखी असेल तर तोंडओळख होते. पण चारांतला एकच रविवार त्याला द्या, तोही पहिला. शेवटी डफ थांबवून बैठकीची गल्ली आणि वेळ सांगा. फक्त ती वेळ पाणी सुटायची नको.